रुमाल टाकलेली जागा

कौसामावशी, तुझा फोन पुन्हा आला असता तर मी तो पुन्हा उचलला नसता, हे आधीच सांगून टाकतो. माणूस गेल्यावर सगळे म्हणतात, "एकदा बोलायचं होतं, राहून गेलं." माझं राहून गेलेलं नाही. मी राहू दिलं. चौदा महिने. आठ-पंधरा दिवसांनी फोनवर तुझं नाव उमटायचं, मी फोन पालथा घालायचो आणि मनाशी म्हणायचो, संध्याकाळी करू. तुझीही रीत ठरलेली. तीनदा वाजला की तू आपणहून बंद करायचीस, पोरगं कामात असेल म्हणून. ते तीनदा वाजून होईपर्यंत मी श्वास रोखून बसायचो.

तू गेलीस तेव्हा मी पुण्यात एका नव्या पिक्चरच्या बैठकीत होतो. तुझ्याच नंबरवरून फोन आला. सवयीने पालथा घातला. तीनदा वाजला, चौथ्यांदा वाजला, वाजतच राहिला, तेव्हा कळलं की फोन तुझ्या हातात नाही. तुझ्या भाच्याचा, बबनचा आवाज होता. "सुधाभाऊ, आत्या गेली. शेडनेटमधी भाकर खायला बसली आन् कलंडली." मातीला पोचणं अशक्य नव्हतं. मी गाडी मिळत नाही म्हणून सांगितलं. गाड्या होत्या, मावशी. तुझं तोंड बघायची हिंमत नव्हती. मिटल्या डोळ्यांचंसुद्धा.

आलो तो थेट दहाव्याला.

तू माझी सख्खी मावशी नव्हेस. माझी आई आणि तू बियाण्याच्या प्लॉटवर एकमेकींशेजारच्या ओळीत काम करायचात, नातं म्हणायचं तर एवढंच. पण आई गेली त्या वर्षी मी दहावीला होतो, आणि तू रोज पहाटे येऊन आमच्या चुलीवर भाकरी थापून जायचीस. आभार मानायची सोय नव्हती. "तुही माय मह्यावर काम सोपून गेली, ते करू राह्यले. उपकार न्हाई करून राह्यले," म्हणायचीस. लग्न होऊन वर्षाच्या आत पांढऱ्या कपाळाने माहेरी आलेली बाई, हे गावाला तुझ्याबद्दल माहीत असलेलं सगळं. तूही त्याच्यापुढे कधी काही सांगितलं नाहीस.

जालन्याचं बियाणं कुठंकुठं जातं म्हणून लोक कौतुकाने बोलतात. ते तुझ्यासारख्या बायांच्या नखांवरून जातं हे कुणी बोलत नाही. दुपार कलली की उद्या उमलणारी कळी हेरायची. अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या आणि आतले पुंकेसर अलगद काढायचे, वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून नर फुलाचा पराग तिच्यावर फिरवायचा आणि देठाला धागा बांधायचा. आज सोललेल्या कळीवर उद्या सकाळी हात फिरला नाही तर ती गेली कामातून. पूर्वी हे कपाशीवर चालायचं, आता शेडनेटच्या हिरव्या जाळीखालच्या मिरची-टोमॅटोवर चिमटे घेऊन चालतं, पण कळीचं वेळापत्रक तेच. "कळी काय कोणाची वाट पाहती व्हय?" हे तुझं पालुपद. सणाला, लग्नाला, मयतीला, कुठेही उठताना तू ते म्हणायचीस आणि चालू लागायचीस.

एक गोष्ट लहानपणापासून बघत आलो होतो आणि तिचा अर्थ मला फार उशिरा लागला. एसटीला गर्दी असली की आपल्याकडे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. रुमाल पडला की ती जागा त्याची, मग भांडण नाही. तुझ्याबरोबर भोकरदनला जाताना मी किती वेळा उड्या मारून रुमाल टाकायचो. तू कधी त्या जागेवर बसली नाहीस. "तू बस," म्हणायचीस आणि दांडीला धरून उभी राहायचीस. मी रुसायचो. मावशीला माझी कदर नाही असं वाटायचं.

मग चार वर्षांपूर्वीची ती दिवाळी. मी गावी आलो होतो, तू शेडनेटच्या कडेला धागे कापत बसली होतीस. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "मावशी, पिक्चर लिहितोय. प्रेमाची गोष्ट आहे. गाव सोडून जाणाऱ्यांची."

"परेमाचं मला काहून सांगतो?"

"तुला काय कळतंय त्यातलं, म्हणून सांगतो," मी चिडवलं.

तू हसलीस. थोडा वेळ धागे कापलेस. मग मान वर न करता बोलायला लागलीस. मी आजवर शेकडो माणसांकडून गोष्टी काढून घेतल्या असतील, पण असं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

"भगवान व्हता एक. प्लॉटवर पाण्याचं बघायचा. पुण्याकडं कंपनीत लागला. म्हणला, बाजाराच्या दिवशी आकराच्या गाडीनं निघू, गर्दीत कोणाचं ध्यान राहत न्हाई. मी व्हय म्हणले. पण आदल्या दिवशी चार ओळी मी सोलून ठुल्या व्हत्या. त्या तशाच टाकून कसं जावं? म्हणलं, सकाळी हात फिरवते आन् मंग जाते. चार ओळी केल्या. धागे बांधले. तशीच फाट्यावर पळत गेले. गाडी उभीच व्हती रे. त्यानं रुमाल टाकून मह्यासाठी जागा धरली व्हती. कोणी बसू न्हाई म्हणून वर हात ठून बसला व्हता. मला लिंबाच्या मागून समदं दिसू राह्यलं व्हतं. कंडक्टरनं घंटी मारली."

"मंग?" मीही तुझ्या बोलीत गेलो होतो.

"मंग काय. पाय उचललाच न्हाई."

"पण काहून?"

"बोटं पिवळी व्हती मही," तू म्हणालीस. परागाने.

आपलं भांडण इथून सुरू झालं आणि ते मिटलं नाही. मी म्हणायचो, हे काय कारण झालं? बापाची भीती असेल, गावाची असेल, भगवानवर विश्वास नसेल. तू म्हणायचीस, बापाला कोण भितं? गावाला कोण भितं? मी म्हणायचो, बोटं धुता आली असती. तू म्हणायचीस, "व्हय. धुता आली असती." आणि पुढे काही नाही. त्या दिवाळीचे चारही दिवस मी तुला छळलं. मला वाटायचं तू लपवतेयस. माणसाने केलेल्या प्रत्येक गोष्टीला एक सांगता येण्यासारखं कारण असतं, अशी आमच्या धंद्याची समजूत आहे. तू चौथ्या दिवशी वैतागून म्हणालीस, "सुध्या, तुला कारण पाहिजे तर तुह्या मनचं घाल. पण एक कर. पिच्चरमधी तिला बसव."

"कुठं?"

"गाडीत. रुमालाच्या जागेवर. एका बाईला तरी बसव."

मी म्हणालो, बसवतो.

"शब्द?"

"शब्द."

तू धाग्याची एक गाठ मारलीस आणि "बिलकुल इसरू नको" म्हणालीस. तुझी मारलेली गाठ सुटत नाही, अशी प्लॉटवर ख्याती होती. माझी सुटली.

आता जे लिहितोय ते तुझ्यापासून लपवलेलं आहे. तुला मी जालन्याच्या स्टँडवर सांगितलं होतं की शेवट डायरेक्टरने बदलला, मी खूप भांडलो, माझं चाललं नाही. खोटं होतं. पहिल्या खर्ड्यात मी तुला बसवलं होतं. डायरेक्टरने वाचला आणि म्हणाला, "गोड आहे." तो तेवढ्यावर खूश होता. बदल कुणीही मागितला नव्हता. पण "गोड" हा शब्द मला बोचला. खोलीत सहा-सात माणसं होती, सगळी शहाणी, आणि त्यांनी मला गोड म्हणावं हे मला सोसलं नाही. मीच म्हणालो, "थांबा, माझ्याकडे दुसरा शेवट आहे. ती येत नाही. गाडी सुटते. शेवटी फक्त रिकामी जागा आणि तिच्यावर रुमाल." खोलीत कुणी बोललं नाही बराच वेळ. मग एकाने टाळी वाजवली. त्या थोड्या वेळच्या शांततेसाठी मी तुला दिलेला शब्द मोडला. आणि कुणीतरी विचारलं, "हे सुचलं कुठून?" तर मी खांदे उडवले. सुचलं म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. प्रेक्षकाला कारण लागतं म्हणून मी त्या पोरीला अंथरुणाला खिळलेला बाप दिला. पिवळी बोटं काढून टाकली. लोकांना समजणार नाहीत असं मी म्हणालो. खरं तर मलाच समजली नव्हती.

पिक्चर लागला. लोकांनी डोक्यावर घेतला असं नाही, पण जाणत्या लोकांनी वाखाणला, आणि वाखाणला तो शेवटासाठी. जो तो त्या रुमालाबद्दल बोलत होता. एका ठिकाणी माझा सत्कार झाला तेव्हा शाल-श्रीफळाबरोबर एक रेशमी रुमाल घडी करून दिला. मी तो घेतला. हसून घेतला.

आणि तुला पिक्चर दाखवायला बोलावलं. का बोलावलं असेन? तू दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा समोर बसून बघ, म्हणजे मला तुझी प्रतिक्रिया कळेल, असा काहीतरी भेकड विचार असावा. जालन्याच्या टॉकीजला सकाळचा खेळ. तू पोपटी लुगडं नेसून आली होतीस, डोक्याला तेल, पायात नव्या चपला. मध्यंतरात समोसा खाल्लास आणि "पोरगी चांगली हाये, पण तिला कळी धरता येत न्हाई" म्हणालीस. नटीला मी आठ दिवस शिकवलं होतं. तुला दोन मिनिटांत दिसलं.

शेवट आला तेव्हा मी पडद्याकडे बघत नव्हतो, तुझ्याकडे बघत होतो. पोरगी लिंबाच्या मागे उभी राहिली. घंटी वाजली. गाडी सुटली. सीटवरचा रुमाल पडदाभर झाला. तू पडद्याकडे बघत नव्हतीस. मांडीवर ठेवलेल्या स्वतःच्या बोटांकडे बघत होतीस.

दिवे लागले. तू म्हणालीस, "पडदा मोठा हाये." स्टँडपर्यंत आपण पायीच गेलो. तेव्हा मी ते डायरेक्टरचं सांगितलं. तू ऐकून घेतलंस, विचारलंस, "तू भांडला ना?" मी म्हणालो, लई भांडलो. "बास मंग," म्हणालीस. मावशी, तू मला तिथे स्टँडवर चार लोकांत थोबाडीत मारली असतीस तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

मग भोकरदनकडची गाडी लागली, लोक दाराला लोंबकळले, आणि मी लहानपणापासूनच्या सवयीने पळत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला. टाकला आणि मग माझ्या लक्षात आलं मी काय केलंय. वळलो तर तू मागे उभी. तू रुमालाकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस. मग गर्दीत शिरलीस, चढलीस, रुमाल उचललास आणि त्या जागेवर बसलीस. आयुष्यात पहिल्यांदा. खिडकीतून बाहेर डोकावून म्हणालीस, "येळेवर जेवत जाय." रुमाल परत दिला नाहीस. मागायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर मी तुझा एकही फोन उचलला नाही. तू रागावली आहेस असं मी धरून चाललो होतो, आणि खरं सांगतो, ते मला सोयीचं होतं. रागावलेल्या माणसाला टाळता येतं. तू रागावलेली नसशील तर काय, हा विचार मी केलाच नाही.

दहाव्याला पिंड ठेवला आणि सगळे लांब सरकले. मी लिंबाखाली उभा राहून मनातल्या मनात विनवत होतो की कावळा शिवू नये. अडावा तासभर. लोकांनी म्हणावं, बाईची काहीतरी इच्छा राहिली, कुणाला ठाऊक असेल तर पुढे या. मग मी पुढे जाणार होतो आणि सगळ्यांसमोर कबूल करणार होतो. मनाशी वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. लेखकाची जात, दुसरं काय. आणि कावळा आला, मावशी, हात जोडायच्या आधी आला, घास घेऊन उडाला. बबन म्हणाला, "बघा, आत्याचं काई राह्यलं न्हाई." मला तुझा राग आला. माफ कर, पण आला. माझ्यासाठी पाच मिनिटं अडली असतीस तर काय बिघडलं असतं?

जेवणं उरकली तशा प्लॉटवरच्या बाया उठल्या. जिजाकाकू, जी तुझ्या दुसऱ्या बाजूच्या ओळीत उभं आयुष्य काम करत आली, ती पदर खोचत म्हणाली, "चला गं, कळी काय कोणाची वाट पाहती व्हय?" तुझंच वाक्य, तुझ्याच सुरात. मीही त्यांच्या मागे निघालो. घरात बसून बबनच्या तोंडून तुझे गुण ऐकवत नव्हते.

शेडनेटमध्ये तुझी ओळ जिजाकाकूच्या सुनेला, सविताला दिलेली होती. ती माझ्याकडे बघून लाजत म्हणाली, "दादा, तुमचा पिच्चर मावशीनं आमाला पन्नासदा सांगितला आसंल."

"सांगितला?"

"रोज," जिजाकाकू म्हणाली. चिमटा तिच्या हातात चालूच होता. "काम करता करता. कुठं गाणं येतं, कुठं मारामारी, समदं. आन् शेवट तर असा सांगायची का आमचे हात थांबायचे."

मी विचारलं, "काय सांगायची शेवट?"

"आता तूच लेहेला, आन् आमाला इचारतो? पोरगी चार ओळी आटपती आन् पळत येती. बोटं पिवळी. लिंबाजवळ थबकती. कंडक्टर घंटी मारतो. मंग ती वरडती, 'थांबवा!' दारात लटकून चढती. रुमाल उचलती, मांडीवर ठुती आन् बसती. त्यो म्हणतो, 'उशीर केला.' ती म्हणती, 'चार ओळी राह्यल्या व्हत्या.'"

मी मिरचीच्या ओळीत खाली बसलो. चार ओळी राह्यल्या व्हत्या. एवढं वाक्य मला सुचलं नव्हतं, मावशी. मला आजारी बाप सुचला होता.

"आन् दर येळी शेवटी म्हणायची," सविता म्हणाली, "पोरानं महा शब्द ठुला."

तू माझ्यासाठी गावभर खोटं बोललीस. वर्षभर, रोज, भर दुपारी. आणि मी त्याच दुपारी पुण्यात फोन पालथा घालत होतो. म्हणजे ते फोन मला जाब विचारायला नव्हते. कशाला होते? जेवलास का, विचारायला? पिक्चरचा शेवट बायांना आवडला, हे सांगायला? आता हे मला कधीच कळणार नाही, आणि तीच माझी शिक्षा आहे असं मी धरतो.

मी जिजाकाकूला म्हणालो, "काकू, शेवट तसा नाहीये. ती बसत नाही गाडीत. मी मावशीचा शब्द मोडला. मीच मोडला, दुसऱ्या कुणी नाही." हे बोलायला चौदा महिने लागले आणि बोलून झालं तर दोन क्षणांत झालं.

सविताने खाली पाहिलं. जिजाकाकूने कळी सोलली, दुसरी धरली.

"म्हाईत हाये," ती म्हणाली. "ह्या सवितानं पोळ्याच्या टायमाला मोबाइलवर दाखवला. आमी समद्यांनी पाह्यला."

"मावशीला बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? ती सांगू राह्यली व्हती ना." मग माझ्याकडे नीट वळून बघत म्हणाली, "तिनं तुह्यावर पांघरूण घातलं, आमी तिच्यावर घातलं. त्यात काय लई मोठं? आन् ती पोरगी कोण, ते बी आमाला म्हाईत हाये. त्या दिवशी शेजारच्या ओळीत एकीकडं मी व्हते, एकीकडं तुही माय. तुही माय तिला म्हणली, तू जाय, तुह्या ओळी मी करते. ऐकली न्हाई. आपल्या हातानं सोललेली कळी दुसऱ्याच्या हाताला देत नव्हती ती. येडी व्हती."

माझी आई. माझ्या आईने तुला जा म्हटलं होतं. तू मला कधी सांगितलं नाहीस. मी तुला कारण विचारून विचारून छळलं आणि कारण असलंच तर ते माझ्याच आईपासून दोन हातांवर उभं होतं. तू सगळं सोडून जाऊ शकली असतीस, घर, बाप, गाव. तुझ्या हाताखालच्या चार ओळी तुला सोडवल्या नाहीत. आणि त्या पुऱ्या करून आलीस तेव्हा, तुझे हात त्याच कामाने माखलेले असताना, तुला कळलं असेल की तू आधीच निवड करून बसली आहेस. की हेही मी माझ्या मनचंच घालतोय? असेल. भांडण तुझ्या बाजूने मिटलं नसेल तर माझ्या बाजूने मिटवणारा मी कोण?

जिजाकाकूने कमरेच्या पिशवीतून एक रुमाल काढला. पांढरा, निळ्या काठाचा. माझा. पिवळे डाग पडलेले, धुऊनही न गेलेले. "ह्यो बी घेऊन जाय. आमाला दाखवायची, ह्योच पिच्चरमधला म्हणून." सविता खुदकन हसली आणि लगेच डोळ्याला पदर लावला.

"आता तू सांग," जिजाकाकू म्हणाली.

"काय?"

"शेवट. लेखक हाये ना तू? तिच्या ओळीपाशी उभा राय आन् सांग. तिच्यावानी सांग."

मी सांगितला, मावशी. तुझ्या ओळीच्या तोंडाशी उभा राहून, नऊ बायांसमोर. मी म्हणालो, ती चढते आणि बसते, तर तिकडच्या ओळीतून कुणीतरी ओरडलं, "न्हाई, आधी रुमाल उचलती, मंग बसती!" मी दुरुस्त केलं. "चार ओळी राह्यल्या व्हत्या" मला म्हणता आलं नाही. ते सगळ्यांनी मिळून म्हटलं. मग कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्या परत कामाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी अकराच्या गाडीने निघालो. गाडीत गर्दी नव्हती. मला खिडकीची जागा मिळाली आणि शेजारची रिकामी होती. मी तुझा रुमाल, म्हणजे माझा, तिच्यावर ठेवला. का ते विचारू नकोस, मी तुला का विचारलं तेवढं पुरे झालं. भोकरदनला गाडी भरली. एक जण म्हणाला, "कोणी हाये का हितं?" मी म्हणालो, "हो, येऊन राह्यलेत." त्याने रुमालाकडे बघितलं आणि मान डोलावून पुढे उभा राहिला. आणखी दोघांनी विचारलं. दोघांनाही तेच सांगितलं. गाडी चालली होती, मध्ये कुणी येणार नव्हतं, आणि मी त्या जागेवर हात ठेवून बसलो होतो. भगवान जालन्यापर्यंत असाच बसला असेल, हे मला पहिल्यांदाच जाणवलं. माझ्या पिक्चरमध्ये तो शेवटी फक्त एक रुमाल होता.

राजूरला एक म्हातारी चढली. हातात भाजीची पिशवी, डोक्याला फडकं, श्वास लागलेला. माझ्यापाशी येऊन दांडीला धरून उभी राहिली. थोडा वेळ माझ्याकडे, थोडा वेळ रुमालाकडे बघत राहिली.

"कोणाची जागा हाये?"

"एका बाईंची," म्हणालो.

"कुठं हाये ती?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"मंग उचल की रुमाल," ती खेकसली. "मी काय जालन्यापोतर उभी राहू?"

मी रुमाल उचलला. ती बसली, मावशी.